जिंदमार्गे हिसार

श्रीरंग टिपणीसांनी अर्धं आयुष्य दिल्लीत काढलं, पण दिल्लीत कधी कुणाला रस्ता विचारला नाही. माणूस तसा बोलका. मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, राहायला आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात, गणपतीची वर्गणी गोळा करायला सगळ्यांत पुढे. पण घराबाहेर वाट चुकली की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं. कारण जुनं होतं. दिल्लीत नवे नवे आले होते तेव्हा बसच्या कंडक्टरला त्यांनी काहीतरी विचारलं, त्यांची सांगलीकडची हिंदी ऐकून अख्खी बस हसली, आणि कंडक्टरने तर थांबा येईपर्यंत त्यांची नक्कल करून दाखवली. टिपणीस घरी आले ते दिल्लीचा नकाशा विकत घेऊनच. तो त्यांनी कापडावर चिकटवून घेतला. त्यानंतर ते आणि नकाशा, मध्ये तिसरा माणूस नाही.

याचे भोग घरच्यांनी भोगले. करोल बागेतल्या एका लग्नाला टिपणीस कुटुंब पोचलं तेव्हा जेवणाच्या पंगती उठून लोक पान चघळत बसले होते. आधी उन्हात गल्ल्या तुडवताना कुमुदताई घाम पुसत म्हणत होत्या, "अहो, विचारा ना कुणाला तरी!" त्यावर टिपणीस म्हणायचे, "दिशा कळते मला." आणि सगळे आणखी एका चुकीच्या गल्लीत शिरायचे. नकाशा धरायचं काम त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, सुनंदाचं. बापाच्या पुढे चालत, बोट नकाशावर ठेवून ती रस्त्यांची नावं वाचायची. तिला त्यात भलतंच सुख वाटे. आईची कटकट, बाबांचा आवळलेला जबडा, पायांना आलेले फोड, सगळं विसरून ती त्या कागदात वरून खाली बघत असायची.

वरून बघायची ही खोड वाढत वाढत तिला सफदरजंग विमानतळावरच्या फ्लाइंग क्लबात घेऊन गेली. आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली होती. बी. एस्सी. झालेली मराठी मुलगी कमर्शियल पायलटचं लायसन्स काढायला निघालीय म्हटल्यावर आर. के. पुरममधल्या हळदीकुंकवांना बरेच दिवस पुरेल एवढा विषय मिळाला. टिपणीसांनी मात्र चकार शब्द काढला नाही. उलट अभ्यासाला बसायचे तिच्याबरोबर.

अभ्यास म्हणजे तरी काय एकेक! हवामान, नियम, इंजिन, आणि सगळ्यांत वर नेव्हिगेशन. विमान नाक ज्या दिशेला धरतं त्या दिशेला जात नाही, वारा त्याला बाजूला ढकलत राहतो. म्हणून वाऱ्याचा हिशेब करून नाक आधीच तिरकं धरायचं. त्यासाठी कागदावर त्रिकोण काढायचे. जेवणाच्या टेबलावर संध्याकाळभर त्रिकोण चालायचे. टिपणीस ऑफिसातली पट्टी घेऊन तिचं उत्तर तपासायचे, आणि कुमुदताई आमटीचं पातेलं हातात घेऊन उभ्या राहायच्या, टेबल कधी मोकळं होतंय याची वाट बघत. नेव्हिगेशनच्या पेपरात सुनंदा क्लबात पहिली आली. तिचे इन्स्ट्रक्टर कॅप्टन बक्षी, एअर फोर्समधून निवृत्त झालेले तिरसट गृहस्थ, म्हणाले, "काग़ज़ पर तो तुम कभी नहीं खोओगी." ते कौतुक होतं की टोमणा, हे तिला दोन दिवस कळलं नाही.

सगळे पेपर सुटले, उड्डाणाचे तास जवळजवळ पूर्ण झाले. उरलं होतं एकच: एकटीने लांबचं उड्डाण. दिल्लीहून हिसार, तिथे उतरायचं, आणि परत. एवढं झालं की कागदपत्रं लायसन्ससाठी पाठवता येणार होती. आणि नेमकं तेवढंच होत नव्हतं. क्लबाची विमानं मोजकी, शिकणारे ढीगभर. तिची पाळी आली की विमान बिघडायचं. विमान नीट असलं की धुळीने समोरचं दिसायचं नाही. कधी कुणी परदेशी पाहुणे पालमला उतरणार म्हणून आकाशच बंद.

सुनंदाच्या जिवाची घालमेल चालली होती. कारण बाबा जुलैअखेर रिटायर होणार होते. क्वार्टर सोडावं लागणार, सामान सांगलीला जाणार, आणि सांगलीत हळद भरपूर असली तरी फ्लाइंग क्लब नाही. एकटी दिल्लीत राहीन असं ती एकदा म्हणाली तर कुमुदताईंनी दोन दिवस अबोला धरला. जून लागला तसं तिचं घरात बूड टिकेना. ताटावरून उठून बाल्कनीत जायची, आकाश बघायची, परत येऊन अर्धी पोळी खायची, पुन्हा उठायची. आर. के. पुरमवरून पालमची विमानं सारखी जायची, आणि प्रत्येक विमान खास तिला चिडवायलाच चाललंय असं तिला वाटायचं.

"अगं, बस ना जरा," कुमुदताई म्हणायच्या.

"आई, यार, मी बसलेच तर आहे," सुनंदा उभ्याउभ्याच म्हणायची.

आता क्लबातली एक रीत सांगायला हवी. आकाशात वाट चुकलेल्याला एक उपाय असतो. रेडिओवर पालमला सांगायचं आणि बोलत राहायचं. त्यांचं यंत्र तुमचा आवाज कुठून येतोय ते शोधतं आणि तुम्ही कुठल्या दिशेला आहात ते सांगतं. याला बेअरिंग मागणं म्हणतात. गप्प राहणारा त्या यंत्राला सापडत नाही. बक्षींनी हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण क्लबातल्या पोरांनी त्यावर आपली रीत बसवली होती. जो बेअरिंग मागेल त्याचं नाव कँटीनच्या फळ्यावर, 'गुमशुदा की तलाश' या मथळ्याखाली. रंग, उंची, शेवटी कुठे दिसला, सगळं पोलिसांच्या जाहिरातीसारखं. महिनाभर ते पुसायचं नाही. लाल टोपीवाल्या एका मुलाचं नाव 'लाल टोपी, अक्कल कम' असं वर्णन लिहून लागलं होतं, तेव्हा सुनंदाही मनसोक्त हसली होती. चोप्रा नावाचा एक टगा तेव्हाच म्हणाला होता, "अगला नंबर मॅडम का. लड़कियों को तो कनॉट प्लेस में भी रास्ता नहीं मिलता." सुनंदाने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण मनात बरोबर जपून ठेवलं.

शेवटी एकदाचा तो दिवस उगवला. छोटंसं पुष्पक विमान, शेजारी-शेजारी दोन सीटा, त्यातली एक आज रिकामी राहणार. सुनंदा भल्या सकाळी हजर झाली. हवामानाच्या खोलीतून वारा विचारून आली: पश्चिमेचा, अगदी मंद. त्रिकोण काढला, दिशा ठरवली, नकाशा घडी घालून मांडीवर बसेल असा केला. आणि इंजिनाचा एक प्लग रुसला. मेकॅनिकने तो काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला. सुनंदा हँगरमध्ये येरझारा घालत होती. ऊन चढलं. लिंबाची पानं सकाळी स्थिर होती ती आता उलटी होऊन फडफडायला लागली. तिने ते बघितलं. म्हणजे डोळ्यांनी बघितलं, डोक्यापर्यंत गेलं नाही.

प्लग मानला तेव्हा दुपार व्हायला आली होती. बक्षी दुसऱ्या एका विद्यार्थ्याला घेऊन विमानाकडे चालले होते. लांबूनच ओरडले, "हवा पता की?"

"की, सर!" सुनंदा म्हणाली.

हे खोटं नव्हतं. सकाळी विचारली होतीच की. आता पुन्हा जिना चढायचा, पुन्हा त्या क्लार्कसमोर उभं राहायचं, त्याने चष्म्यावरून बघून 'सुबह तो दी थी' म्हणायचं, एवढ्यात कुणीतरी विमान बंद करायचा हुकूम आणायचा. नको. ती विमानात चढली. तिला जमिनीवर आणखी एक क्षण राहायचं नव्हतं.

वर गेल्यावर आधी फार छान वाटलं. जमना मागे राहिली, नांगलोई मागे राहिली, हरियाणाची शेतं चौकोन चौकोन पसरली. खाली धुळीचा पिवळसर पडदा होता, थेट खालचं दिसायचं, लांबचं नाही. तिने होकायंत्रावर नजर रोखली आणि ठरलेल्या दिशेला नाक इमानाने धरून ठेवलं. पण वारा सकाळचा राहिला नव्हता. तो आता दक्षिणेकडून चांगला जोरात येत होता आणि पुष्पकला गुपचूप उत्तरेकडे सरकवत होता. नाक हिसारकडे, विमान भलतीकडे.

बऱ्याच वेळाने डाव्या हाताला, धुळीत, एक मोठं गाव अर्धवट दिसलं. ते रोहतक असणं शक्य नव्हतं, कारण तिच्या हिशेबाने रोहतक बरोबर नाकाखाली यायला हवं होतं. म्हणजे दुसरंच काहीतरी असेल. ती पुढे गेली. मग खाली कालवा आला, तो भलत्याच बाजूला वळत होता. मग रेल्वेचा रूळ आला. नकाशावर तिच्या वाटेत रूळ नव्हताच. नकाशा जुना असणार, तिने ठरवलं. नवीन रूळ टाकला असेल. बाबाही असंच म्हणायचे. त्यांच्या हिशेबात नेहमी दिल्ली चुकायची.

रुळाच्या कडेकडेने ती एका गावावर आली. मोठं स्टेशन, रुळांना फाटे फुटलेले, कडेला तळं. हिसार नव्हे. हांसी? हांसीला एवढे रूळ नाहीत. ती एक चक्कर फिरली. आणखी एक फिरली. तळहाताला घाम आला होता, नकाशावर जिथे बोट ठेवायची तिथली शाई पुसली जात होती. पेट्रोलचा काटा अजून धीर देत होता, पण सारख्या चकरा मारत राहिलं तर तो किती वेळ देणार? आणि तेवढ्यात तिने नैर्ऋत्येकडे बघितलं. क्षितिजावर तपकिरी भिंत उभी होती. आंधी.

माइक समोर हुकावर लटकत होता. सुनंदाचा हात तिथपर्यंत गेला आणि परत आला. याच वेळी चोप्रा सफदरजंगवर चकरा मारत होता, रेडिओ सगळ्यांचा एकच, त्याच्या कानात तिचा शब्दन् शब्द पडणार. फळ्यावर काय लिहितील तेही तिला दिसायला लागलं: रंग गोरा, वेणी एक, नेव्हिगेशन में फर्स्ट. आणि बक्षी? हरवलेल्या पोरीचं उड्डाण ते कशाला धरतील? मग जुलै, मग ट्रंका, मग सांगली. एवढं सगळं एका बटणाने जाणार. त्यापेक्षा आणखी एक चक्कर. आता दिसेल काहीतरी, दिशा कळते मला.

दिशा कळते मला! हे शब्द तिच्या तोंडून चक्क मोठ्याने बाहेर पडले होते. तिचे दात एकमेकांवर इतके घट्ट बसले होते की कानशिलं दुखत होती. तिने हे तोंड अनेकदा बघितलं होतं. करोल बागेत, लाजपतनगरात, एकदा तर स्मशानाच्या वाटेवर. त्या तोंडामागे आई पदराने घाम पुसत उभी असायची आणि ती लहान पोर मनात म्हणायची, बाबा, विचारा ना, एकदाच विचारा, काय होतंय! आज ते तोंड तिचं होतं. तिला भीती तर वाटत होतीच, पण त्याहून जास्त स्वतःचा संताप आला.

तिने माइक ओढून घेतला. पुस्तकात लिहिलेलं वाक्य होतं, 'बेअरिंगची विनंती'. सरळ, सभ्य वाक्य. पण तोंडातून आलं ते इंग्रजीत एवढंच, "पालम, मी हरवले आहे."

क्षणभर खरखर. मग एक शांत, जाड, मद्रासी वळणाचा आवाज आला. "ठीक आहे. आकडे मोजा. एकपासून, सावकाश. मी थांबा म्हणेपर्यंत बोलत राहा."

सुनंदा मोजायला लागली. पहिले आकडे चिरकले. चोप्रा ऐकतोय, सगळे ऐकतायत, पालमला उतरणारी मोठी विमानंसुद्धा ऐकतायत. दहापर्यंत गेली, थांबा आला नाही, मग उलटी आली, पुन्हा सुलटी गेली. आणि मोजता मोजता तिच्या लक्षात आलं की आवाज सरळ झालाय. पलीकडे कुणीतरी बसून फक्त तिलाच शोधत होतं. ती बोलत होती तोवर ती हरवलेली नव्हती.

"थांबा," जाड आवाज म्हणाला, आणि त्याने दिशा सांगितली. सुनंदाने मांडीवरच्या नकाशावर दिल्लीपासून त्या दिशेची रेघ ओढली. रेघ सरळ जाऊन एका रेल्वे जंक्शनवर टेकली. जिंद! ती हिसारच्या वाटेवरून कितीतरी उत्तरेला येऊन जिंदवर गिरट्या घालत होती. नकाशा बिलकुल जुना नव्हता, रूळही आपल्या जागी होते.

"जिंद," ती रेडिओवर म्हणाली. "मी जिंदवर आहे. हिसारला जातेय. थँक यू."

"आंधी बघून जा," आवाज म्हणाला. "आणि लागलं तर पुन्हा विचारा."

ती हिसारला पोचली तेव्हा धावपट्टीच्या पलीकडचं टोक पिवळं पडायला लागलं होतं. विमान जमिनीला टेकलं, वाऱ्याने एक पंख उचलला, तिने तो दाबला, आणि तिथल्या क्लबची माणसं धावत येऊन पंखांना लोंबकळली. दोर बांधून होतात न होतात तोच सगळं अंधारून आलं. सुनंदा ऑफिसात खुर्चीवर बसली. कितीतरी आठवड्यांनी ती नीट, टेकून बसली होती. दातांत वाळू आली होती.

आंधी उतरल्यावर दिल्लीला ट्रंक कॉल लागला. बक्षींनी सगळं ऐकून घेतलं.

"वारा दुपारी विचारला होतास?" त्यांनी हिंदीतून विचारलं.

"नाही, सर. सकाळचाच घेतला."

"बेअरिंग कधी मागितलं?"

"उशिरा, सर. आधीच मागायला हवं होतं. रूळ दिसला तेव्हाच."

बक्षी म्हणाले, "फळ्यावर नाव लागणार. मी स्वतः खडू दिलाय चोप्राला. आणि उद्या सकाळी ताजा वारा विचारून परत ये. हिसारला उतरलीस ना? मग उड्डाण धरीन मी. पण शेवटपर्यंत एकटी. कुणाला सोबत घेतलंस तर सगळं बाद."

"कुणाला घेणार, सर, इथून?" सुनंदा म्हणाली. तिला हसू आणि रडू एकदम आलं होतं.

क्लबाने आर. के. पुरमला खालच्या मलिकांच्या फोनवर निरोप दिला: सुनंदा हिसारला आहे, सुखरूप आहे, सकाळी येईल. हिसारच्या क्लबच्या मॅनेजरच्या बायकोने तिला जेवू घातलं, झोपायला खाट दिली. सकाळी ती विमानाचे दोर सोडत होती तेव्हा फाटकातून एक ट्रॅक्टर आत आला. ट्रॉलीत चाऱ्याच्या भाऱ्यांवर एक गृहस्थ बसले होते, पांढरा शर्ट, काळी छत्री, मांडीवर कापडाची पिशवी. ट्रॅक्टरवाल्याने त्यांना हात देऊन उतरवलं आणि ते त्याच्याशी हसून काहीतरी बोलले. त्या हिंदीवरून सुनंदाने त्यांना ओळखलं.

"बाबा! तुम्ही इथे? कसे आलात?"

"विचारत विचारत," टिपणीस म्हणाले.

टिपणीसांनी पिशवीतून डबा काढला. "आईने दशम्या दिल्यात. चटणी सांडली असेल, ट्रॉलीत फार धक्के बसले. निरोप आला आणि ती रडायलाच लागली. सुखरूप आहे म्हटलं तरी ऐकेना. म्हणून निघालो लगेच. नकाशा घेतला होता गं. पण तो नांगलोईला संपतो."

"मग?"

"मग काय! रोहतकला बस बदलली, अंदाजाने. दिशा बरोबर वाटली मला. ती बस जाऊन थांबली जिंदला."

"जिंदला?" सुनंदा किंचाळलीच. "बाबा, मीपण जिंदलाच गेले होते!"

दोघं इतकी हसली की पंखाला हात लावून उभा असलेला क्लबचा माणूसही उगाच हसायला लागला. टिपणीसांनी डोळे पुसले. "जिंदच्या स्टँडवर शेवटची बस गेलेली. काय करतो? बाकावर एक म्हातारा हुक्का ओढत बसला होता, त्याला विचारलं. माझी हिंदी ऐकून असा हसला, असा हसला, ठसका लागला त्याला. मग त्यानेच चहा पाजला, बाजेवर झोपवलं आणि पहाटेच्या बसमध्ये बसवून दिलं. कंडक्टरला सांगितलं, या माणसाला हिसारला उतरव, हा कुठेही उतरेल. कंडक्टरने उतरवलं ते गावाबाहेरच. पुढे मग दिसेल त्याला विचारत आलो. हसतात लोक. हसले तर हसले."

दशमी खात खात ते पुष्पकभोवती एक फेरी मारून आले. शेपटीला हात लावून बघितला. मग दारातून आत डोकावले. आत तिची सीट होती, आणि शेजारी दुसरी, रिकामी. टिपणीस त्या सीटकडे बघत राहिले. खांद्यावरची छत्री त्यांनी काखेत घेतली, घसा साफ केला.

"नंदू," ते म्हणाले, "मला बसता येईल का गं तुझ्याबरोबर? दिल्लीपर्यंत?"

आयुष्यात त्यांनी तिच्याजवळ काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा उठून स्वतः घ्यायचे. हो म्हणणं किती सोपं होतं! सीट रिकामी होती, आधीच मिळालेल्या खासगी लायसन्सवर त्यांना नेता आलं असतं, कुणी अडवलं नसतं. फक्त ते लांबचं उड्डाण बाद झालं असतं, आणि जुलै तोंडावर आला होता. बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि आता सांगितलं तर ते आपणहून नको म्हणतील हेही तिला माहीत होतं. तसं करणं मात्र तिला पटेना. विचारलंय त्यांनी, तर उत्तर तिनेच द्यायला हवं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "आज नाही नेता येणार. मला एकटीनेच जायचंय."

सांगताना तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, जबडा आवळतो का ते. नाही आवळला. टिपणीसांनी मान हलवली, पुन्हा एकदा सीटकडे बघितलं आणि दार स्वतःच्या हाताने लावून दिलं.

"बरं," ते म्हणाले. "नाही तर नाही. विचारून बघितलं. चलो, मग बसस्टँड कुणीकडे?"

"मला नाही माहीत, बाबा. मी वरून आले."

"मग विचारतो कुणाला तरी," टिपणीस म्हणाले, आणि छत्री उघडून फाटकाकडे चालायला लागले.

सुनंदाने ताजा वारा विचारला, त्रिकोण नव्याने काढला, आणि उडाली. वर आल्यावर तिने सरळ दिल्लीची दिशा धरायची ती धरली नाही, एक चक्कर गावावरून घेतली. आंधीनंतर हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. रस्त्यावर काळी छत्री लगेच सापडली. छत्री थांबली होती. समोर एक सायकलवाला पाय टेकून उभा होता, त्याने हात लांब करून पुढे दाखवलं. छत्री हलली, पुढे निघाली. रस्ता सरळसोट होता, त्याला फाटा नव्हता, चुकायचं म्हटलं तरी चुकता आलं नसतं. तरी थोडं पुढे जाऊन बाबांनी आणखी एकाला थांबवलं.